एनरिकेचं मराठी

एनरिकेला ओळखणाऱ्या कुणालाही विचारलंत, तरी तो माणूस त्याच्याविषयी चांगलंच बोलेल. मला विचाराल तर मी आधी एक कबुली देईन. मला त्याचा हेवा वाटायचा. कुणाची बढती किंवा कुणाचा हार पाहून वाटतो तसा दोन दिवसांचा नव्हे. चांगला तीन वर्षं टिकलेला. त्या हेव्यापायी मी एक गोष्ट केली, आणि ती सांगितल्याशिवाय एनरिकेबद्दल बोलायचा मला हक्क नाही.

त्र्याण्णव साली तो बहरीनला आला. मी तिथल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. नवरा बँकेत, मुलगी सई आठ वर्षांची, झिंजमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट. सांगली सोडून मला सहा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात मी अरबीतले चार शब्द शिकले होते: खलास, यल्ला, इंशाल्ला आणि मफी. संपलं, चला, बघू, नाही. "संसाराला याहून जास्त शब्द लागतच नाहीत," असं माझा नवरा म्हणायचा. मलाही ते पटलं होतं.

डेअरीत पांढऱ्या चीजचा नवा विभाग सुरू झाला आणि तो चालवायला मेक्सिकोहून माणूस येणार असं कळलं. आम्ही मोठी टोपी आणि झुपकेदार मिशा डोळ्यांसमोर आणल्या होत्या. आला तो सहा फुटांचा, पिवळट पापण्यांचा आणि काळ्याभोर केसांचा. जणू दोन वेगवेगळ्या माणसांना जोडून बनवलेला. पस्तिशीचा असेल. हात मात्र रुंद, पेरांवर भेगा पडलेले, सरळसरळ गोठ्यात वाढलेल्या माणसाचे. "तू खरंच मेक्सिकन?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "अर्धा. कुठला अर्धा ते अजून ठरलेलं नाही."

त्याला हाक मारली की तो "मांदे?" असं उत्तर द्यायचा. त्यांच्याकडे मोठ्यांनी हाक मारली तर असंच म्हणायची रीत आहे, 'काय आज्ञा?' अशा अर्थाची. चाळीस टनांच्या दुधाच्या टाकीआडून, चीजच्या साच्यांमधून, कुठूनही ते "मांदे?" यायचं. दूध तपासायला मी नमुना भरून घेई, यंत्रात घाली, आकडा पाही. तो बोट बुडवून चाटायचा आणि म्हणायचा, "आज पावडर जास्त आहे." आकडा नेमका तेच सांगायचा. हेव्याची सुरुवात बहुधा इथूनच झाली.

आमचं कँटीन टेबलांनी वाटलेलं होतं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण मल्याळी खिडकीशी, फिलिपिनो पंख्याखाली, बहरिनी मंडळी दाराजवळ, बांगलादेशी कोपऱ्यात. मी माझा डबा लॅबमध्येच खायचे. एनरिके रोज नव्या टेबलावर बसायचा. ताट ठेवायचा, समोरच्याच्या डब्यातल्या एखाद्या पदार्थाकडे बोट करायचा आणि मोडक्यातोडक्या भाषेत एकच प्रश्न विचारायचा, "तुझी आई याला काय म्हणते?"

'अरबीत काय म्हणतात', 'हिंदीत काय म्हणतात' असं त्याने कधी विचारलं नाही. आई काय म्हणते, एवढंच. मग तो शब्द तीनदा मोठ्याने म्हणायचा, गाईच्या पाठीवरून हात फिरवावा तसा, सावकाश. सांगणारा माणूस हसायचा. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावरून तो पुन्हा त्याच शब्दाने सलाम करायचा. चार महिन्यांत त्याला कँटीनमधल्या प्रत्येकाच्या आईचे निदान वीस शब्द ठाऊक झाले होते. मला मात्र सहा वर्षं ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातल्या निम्म्यांची गावंही माहीत नव्हती.

आमचे स्टोअरकीपर दाऊदभाई. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, पांढरी दाढी नीट कातरलेली. काचसामान, रसायनं, जे लागेल ते त्यांच्याकडून आणायचं. मी त्यांच्याशी हिंदीत बोलायचे. "दाऊदभाई, वो बोतलें आ गयीं क्या?" ते म्हणायचे, "आ गयीं मॅडम." सहा वर्षं हेच.

एके दुपारी मी स्टोअरमध्ये गेले तर दाऊदभाई डबा उघडून बसलेले आणि एनरिके पोत्यावर. एनरिकेने डब्याकडे बोट करून नेहमीचा प्रश्न विचारला.

"भाकरी," दाऊदभाई म्हणाले. "तांदलाची भाकरी."

मी दारातच थांबले. एनरिकेने शब्द तीनदा म्हटला आणि माझ्याकडे वळला. "आणि तुझी आई?"

"भाकरी," मी म्हणाले.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "तुमच्या दोघांच्या आया एकच शब्द म्हणतात? मग तुम्ही दोघं तिसऱ्याच कुणाच्या आईचे शब्द का वापरता?"

दाऊदभाई खाली डब्यात पाहू लागले. ते श्रीवर्धनकडचे. त्यांच्या घरी, गावात, नातवंडांशी मराठीच. मी नाव ऐकलं होतं, दाढी पाहिली होती आणि पहिल्याच दिवशी हिंदी सुरू केली होती. नंतर एकदा मी त्यांना विचारलं की तुम्ही तरी का बोलला नाहीत. ते म्हणाले, "तुमी पयल्या दिवशी हिंदीन बोललाव. मना वाटला, तुमाना आमची बोली नको."

त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणायचे बंद झाले. "बाय" म्हणू लागले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या देशात मला कुणी बाय म्हटलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या खाली काहीतरी खुपत होतं. आम्हा दोन मराठी माणसांची ओळख एका मेक्सिकन माणसाने करून द्यावी?

दाऊदभाईंच्या नादाने एनरिके मराठी शिकला. शुक्रवारी त्यांच्या बुसैतीनच्या घरी जेवायला जायचा आणि शनिवारी नवे शब्द घेऊन यायचा. सहा महिन्यांत तो गप्पा मारू लागला. अर्थात दाऊदभाईंचं मराठी. 'मना', 'तुना', 'पानी', 'साला' म्हणजे शाळा. मला ते ऐकवायचं नाही. मी त्याला सांगितलं, "पानी नव्हे एनरिके, पाणी. ण. शुद्ध बोलायचं तर..."

तो साधेपणाने म्हणाला, "दाऊदची आई पानी बोलते. तिना जाऊन सांगू, तू चुकते?"

लॅबमधल्या नळाखाली मी उगीचच धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुतल्या.

माझ्या नवऱ्याने त्याला घरी जेवायला बोलावलं. मी बोलावलं नसतं. आता इथे सईबद्दल सांगायला हवं. सई इंग्रजी शाळेत जायची. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून यायचं नाही. मी विचारायचे, "भूक लागली का गं?" ती म्हणायची, "नॉट रिअली, आई." मी रागावले, बक्षिसं लावली, सांगलीहून गोष्टींची पुस्तकं मागवली. 'मराठीत बोललीस तरच उत्तर देईन' असाही नियम केला. त्या नियमाने आमच्या घरात दोन दिवस शांतता पसरली आणि तिसऱ्या दिवशी मीच हरले. आईने फोनवर "पोरीला बोलायला दे" म्हटलं की सई "हॅलो आजी, आय ॲम फाइन" म्हणायची, आणि पलीकडे आई गप्प व्हायची.

तर एनरिके आला. जेवायला बसला. त्याने ताटातली पोळी उचलली, सईसमोर धरली आणि आपला प्रश्न विचारला, मराठीतच.

"पोळी," सई म्हणाली.

"पोली."

सई फिसकन हसली. "पोली नाही! पोळी! जीभ अशी वर लाव. वर. आणि मग सोड."

"पोली."

"अरे, नाही रे! तुझी जीभ आळशी आहे. बघ माझ्याकडे. ळ. ळ. फळा. शाळा. बाळ."

मी स्वयंपाकघरात आमटीचा डाव हातात घेऊन उभी होते. बाहेर माझी मुलगी मराठीत ओरडत होती, रागवत होती, "असं नसतं काही!" म्हणत होती. माझेच शब्द, माझ्याच आवाजाची ठेवण. दहा मिनिटांत तिच्या तोंडून मी वर्षभरात ऐकलं नसेल एवढं मराठी ऐकलं, आणि त्यातलं एक अक्षरही माझ्यासाठी नव्हतं. ती त्याला पुढे म्हणाली, "तू मांडे काय म्हणतोस सारखं? मांडे खायचे असतात!" तो इतक्या मोठ्याने हसला की शेजारच्यांनी भिंत ठोकली.

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की माझ्यासमोर सई नेहमी चुकणारी असायची. 'तो खुर्ची' म्हटलं की मी लगेच 'ती' म्हणायचे. त्याच्यासमोर ती शिकवणारी होती. पण हे शहाणपण नंतरचं. त्या संध्याकाळी मी आमटी वाढली, आणि ती खारट झाल्याचं मलाच पहिल्यांदा कळलं.

दर गुरुवारी संध्याकाळी तो यायला लागला. सई चार वाजल्यापासून खिडकीत असायची.

एकदा लॅबमध्ये चीजचा नमुना थंड व्हायची वाट पाहत आम्ही बसलो होतो. मी टोमणा मारला, "तुला एवढ्या भाषा येतात कशा? काही औषध घेतोस का?"

त्याला टोमणा कळला नाही, किंवा कळूनही त्याने तो खाली पडू दिला. "औषध नाही. आमच्या गावाला तो आजारच आहे," तो म्हणाला आणि इंग्रजीत, मधूनमधून मराठीत सांगू लागला.

गावाचं नाव क्वाऊतेमोक. उत्तर मेक्सिकोतलं, डोंगराच्या पायथ्याचं शेतीचं शहर. सफरचंदाच्या बागा, मका, ओट आणि गाई. सत्तर वर्षांपूर्वी तिथे कॅनडाहून आगगाडी भरभरून मेनोनाइट पंथाचे शेतकरी आले. लढाईवर जायचं नाही, शपथ घ्यायची नाही, पंथाबाहेर लग्न करायचं नाही, असे त्यांचे नियम. त्यांच्या प्रार्थनाघराला घंटा नाही, क्रूस नाही. बोलणं जर्मन. त्यातही दोन प्रकार. "देवाशी बोलायची जर्मन वेगळी, गाईशी बोलायची वेगळी," एनरिके म्हणाला. "मला गाईचीच येते." शहराच्या मध्यभागी कॅथलिक चर्च, त्याची घंटा दिवसातून अनेकदा वाजायची आणि स्पॅनिश बोलणारे लोक कपाळाला, छातीला हात लावायचे. सफरचंदं तोडायच्या दिवसांत डोंगरातून रारामुरी लोक उतरायचे. बाया घेरदार रंगीत घागऱ्यांत, चालणं वाऱ्यासारखं. ईस्टरच्या आठवड्यात त्यांचे ढोल वाजायला लागले की रात्रंदिवस थांबायचे नाहीत. बाजारात एकाच रस्त्यावर तीन भाषांत बटाटे विकले जायचे. "आणि घासाघीस?" मी विचारलं. "ती तिन्ही भाषांत एकच," तो म्हणाला.

त्याची आई मेनोनाइट, चीज बनवणाऱ्या घरातली. वडील कॅथलिक, ट्रकवर दुधाचे कॅन गोळा करणारे. आई पळून जाऊन त्यांच्याशी लग्न करून मोकळी झाली. पंथाने तिला वाळीत टाकलं. तिच्या बापाने त्या दिवसानंतर तिच्याशी बोलणं सोडलं. पण नातू हवा होता. वडील त्याला एनरिके म्हणायचे, आजोबा हाइन्रिख. सफरचंदाच्या बागेत आई कामाला जायची तेव्हा रारामुरी बाया त्याला सांभाळायच्या. त्यांनी तिसरंच काही नाव ठेवलं होतं.

"दर रविवारी वडील मला आजोबांच्या फाटकापर्यंत सोडायचे. ते ट्रकजवळ उभे, आजोबा ओसरीवर. मधे तीस पावलं. त्या तीस पावलांत मी," तो म्हणाला. "आजोबा म्हणायचे, 'त्या माणसाला सांग, तो चोर आहे.' मी धावत जाऊन वडिलांना सांगायचो, 'आजोबा म्हणतात, थंडी आहे, गाडी जपून चालवा.' वडील म्हणायचे, 'त्या म्हाताऱ्याला सांग, तुझी मुलगी तुझ्यापायी रोज रडते.' मी परत जाऊन सांगायचो, 'ते विचारतात, तुमचा गुडघा कसा आहे?'"

"आणि त्यांना कळलं नाही?"

"वीस वर्षं नाही. वडील वारले तेव्हा आजोबा आले. कॅथलिक स्मशानाच्या कुंपणाबाहेर टोपी काढून उभे राहिले. मला म्हणाले, 'माणूस चांगला होता. दर वेळी माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा.'" एनरिकेने काचेतून यंत्रांकडे पाहिलं. "मी त्यांना सांगितलं नाही की एकदाही केली नव्हती."

नमुना थंड झाला होता. मी उठून आकडा घेतला. कुणी चांगली बाई असती तर तिचे डोळे भरले असते. माझ्या मनात काय आलं ते सांगते. मनात आलं, याच्याजवळ अशी गोष्टसुद्धा आहे. आता हा सईला ती सांगेल.

आमच्या मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम असायचा. हॉल भाड्याने घेऊन नाच, गाणी, फराळ. मी आयोजक मंडळात होते. पंच्याण्णव साली सई म्हणाली, "आई, आम्ही संवाद करणार. मी आणि एनरिके. मी दुकानदार आणि तो गिऱ्हाईक, त्याला काही बोलता येत नाही आणि मी त्याला शिकवते." हे सगळं ती मराठीत म्हणाली. मला उद्देशून सलग एवढं मराठी तिने पहिल्यांदाच काढलं होतं, आणि त्यातही तो होता.

आदल्या वर्षी स्टेजवर जायचं म्हटलं की ती रडली होती. मी तिच्याकडून एक कविता पाठ करून घेतली होती, ती दोन ओळींत विसरली. यंदा ती आरशासमोर एकटीच बडबडायची. 'ताई, हे केवढ्याला?' हे वाक्य ती दोन आवाजांत म्हणायची, एक तिचा आणि एक त्याचा.

मंडळाच्या बैठकीत कार्यक्रमांची यादी वाचली गेली. सगळ्यांना कल्पना आवडली. "परदेशी माणूस मराठी बोलणार, टाळ्या पडतील!" सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वहीत नाव लिहायला लागल्या. तेव्हा मी बोलले. मोठ्याने नाही. चहाचा कप ठेवता ठेवता.

"बघा बाई. एकटा माणूस आहे. सारखा लहान मुलीच्या मागे असतो. कुणाचं काय सांगावं."

बस्स, एवढंच. कुणी काही विचारलं नाही. वहिनींचं पेन मात्र थांबलं.

बहरीन लहान आहे. आठवड्याभरात ते वाक्य मनामापासून मुहर्रकपर्यंत फिरलं, आणि फिरता फिरता वाढलं. कार्यक्रमात जागा नाही असं एनरिकेला कळवलं गेलं. ज्या दोन-तीन घरांत तो जायचा त्यांनी बोलावणं बंद केलं. एका बाईंनी आपल्या मुलाला त्याच्या गाडीतून उतरवून घेतलं. गुरुवारी सई खिडकीत बसली. सात वाजले, आठ वाजले. पुढच्या गुरुवारीही. मग ती बसेनाशी झाली. मी विचारलं, "जेवतेस का?" ती म्हणाली, "नॉट हंग्री."

एनरिके कामावर यायचा. "मांदे?" आता हळू आवाजात यायचं. कँटीनमध्ये तो दाऊदभाईंबरोबरच बसायला लागला, एकाच टेबलावर, पाठ दाराकडे करून. मी ते पाहिलं. मला सुटल्यासारखं वाटलं का? दोन दिवस वाटलं. खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या दिवशी दाऊदभाई लॅबमध्ये आले. ते कधी लॅबमध्ये यायचे नाहीत. दार लावून घेतलं आणि उभे राहिले.

"बाय, ही गोष्ट कोनी काडली, मना म्हायती हाय," ते म्हणाले. "तो आमचे घरान बसतो. माजी नात त्याच्या मांडीवर झोपते. मी बापय मानूस, वय झाला माजा, मना मानूस कलतो. तुमी असा कशाला केलाव?"

मी काहीतरी बोलायला गेले. हिंदीत. घाबरले की माझ्या तोंडून हिंदी निघायची. त्यांनी मला अडवलं. "नाय बाय. मराठीन सांगा."

आणि मराठीत मला खोटं सांगता येईना. मी म्हणाले, "दाऊदभाई, माझी मुलगी त्याच्याशी बोलते. माझ्याशी बोलत नाही."

ते म्हणाले, "मंग हाच सांगा तिकडं." आणि गेले.

पुढची बैठक रंगीत तालमीच्या दिवशी होती. हॉलमध्ये मुलं धावत होती, कुणी पताका लावत होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले की एनरिकेबद्दल मी जे सुचवलं ते खोटं होतं. त्याच्या वागण्यात कधीही काही वावगं नव्हतं. मी ते बोलले कारण मला त्याचा मत्सर वाटत होता. नवरा शेवटच्या रांगेत बसला होता. त्याला मी आधी सांगितलं नव्हतं. त्याने मान खाली घातली. पताका लावणारा माणूस शिडीवर तसाच थांबला. सेक्रेटरी शेवटी म्हणाले, "बरं. झालं ते झालं. पण आता या वर्षी राहूच दे, उगीच पुन्हा चर्चा नको." म्हणजे माझं खोटं आठवड्यात फिरलं होतं आणि खरं त्या हॉलच्या दाराबाहेरही गेलं नाही. काही बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. ते ठीकच होतं. पण एनरिकेला कुणी परत बोलावलं नाही.

मी त्याच्याकडे गेले. चीजच्या खोलीत तो साचे उलटे करत होता. मी म्हणाले, "एनरिके, मला तुझ्याशी बोलायचंय."

"दाऊदने सांगितला. खोटा नी खरा, दोनी सांगितला," तो हात न थांबवता म्हणाला. "पहिला ऐकला तवा मी चार दिवस झोपलो नाय. दुसरा ऐकला तवापन नाय झोपलो."

मी माफी मागितली. त्याने 'असू दे' म्हटलं नाही. 'काही हरकत नाही' असंही म्हटलं नाही. एक साचा पूर्ण उलटा केला, पाणी निथळू दिलं आणि विचारलं, "सईना काय सांगितलाव?"

"अजून काही नाही."

"मी दाऊदच्या फोनवरून तिना सांगितला. माझी शिफ्ट बदलली, म्हणून येत नाय. तू आई सांगेल तसा ऐक." त्याने हात पुसले. "तेच राहू दे आता. ती नऊ-दहा वर्षांची हाय."

तेव्हा मला आजोबांची ओसरी आठवली, आणि ती तीस पावलं. माझ्या मुलीच्या आणि माझ्या मधे तो पुन्हा उभा राहिला होता आणि माझ्या वतीने काहीतरी मऊ सांगून आला होता. मी रडले ते माफीसाठी नव्हे. मला त्या क्षणीही त्याचा हेवा वाटला, इतकं चांगलं असता येण्याचा. असा हेवा कुणाला सांगताही येत नाही.

घरी जाऊन मी सईला खरं सांगितलं. सगळं नाही, दहा वर्षांच्या मुलीला कळेल एवढं. मी एनरिकेबद्दल वाईट बोलले, ते खोटं होतं, म्हणून तो येत नाही. ती ऐकत होती. मग तिने मला विचारलं, "का?" इंग्रजीत नाही. "का, आई?" मी कारणही सांगितलं. ती उठून तिच्या खोलीत गेली आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, कुठल्याच भाषेत. नंतर बोलायला लागली तेव्हा कधी मराठीत, कधी इंग्रजीत. मी चुका काढायचं सोडलं होतं.

एनरिकेचा करार शहाण्णवच्या सुरुवातीला संपत होता. कंपनी वाढवून द्यायला तयार होती. त्याने नाही म्हटलं. आई एकटी होती, चीजचं दुकान एकटीला झेपत नव्हतं. हे एकच कारण त्याने सर्वांना सांगितलं. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता.

त्याचं विमान दुपारचं होतं. दाऊदभाईंची गाडी पुढे, आमची मागे. सई यायचंच म्हणून हटून बसली होती. विमानतळावर तिने त्याला कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं, मला दाखवलं नाही. दोघं बाजूला जाऊन बोलले, मराठीत, भरभर. एक-दोनदा तिने त्याचं 'ळ' दुरुस्त केलेलं ऐकू आलं. दाऊदभाईंनी त्याला मिठी मारली आणि कानात काही म्हटलं. माझ्यासमोर येऊन तो थांबला. हात पुढे केला. मी हात हातात घेतला. त्याच्या पेरांवरच्या भेगा लागल्या. "काळजी घे," मी म्हणाले. त्याने मान हलवली आणि तो आत गेला.

आम्ही काचेशी उभे राहिलो. आत पासपोर्टची रांग होती. रांगेच्या कडेला एक म्हातारी बाई, काळ्या अबायातली, हातात फॉर्म धरून इकडेतिकडे बघत होती. कुठली होती कोण जाणे. बहरिनी असेल, बलुची असेल, इराणकडचीही असेल. लोक तिला वळसा घालून पुढे जात होते. एनरिकेने बॅग खाली ठेवली आणि तिच्यासमोर वाकला. काहीतरी विचारलं. तिने मान हलवली. त्याने पुन्हा विचारलं, वेगळं काहीतरी, कारण या वेळी ओठ निराळे हलले. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या बाईचा चेहरा उजळला आणि तिने एकदम दोन्ही हातांनी बोलायला सुरुवात केली. त्याने फॉर्म बॅगेवर ठेवला, गुडघे टेकले आणि ती सांगेल तसं लिहायला लागला. त्याची रांगेतली जागा गेली. मागचे लोक पुढे सरकले.

"कुठली भाषा बोलतोय तो?" सईने विचारलं.

काचेतून काही ऐकू येत नव्हतं. मी त्या म्हातारीकडे पाहत होते. ती हसत होती, आणि मला पुन्हा तोच जुना हेवा वाटला.